दार उघडतं, पण वेळ ठरवून: जर्मनीत नव्यानं आलेल्यांसाठी ‘गेम्यूटलिशकाइट’ची वाट

एम्डेन हे जर्मनीच्या पार वायव्य टोकाला, समुद्राकाठी वसलेलं छोटं शहर. तिथे मी शिकायला आले तेव्हा पहिले तीन महिने माझ्या खोलीत कुणी आलं नाही आणि मीही कुणाचा उंबरठा ओलांडला नाही. जिन्यात भेटणारे सगळे हसून ‘मोइन’ म्हणायचे आणि आपापल्या दारामागे निघून जायचे. शेजारणीनं वाटी घेऊन सरळ स्वयंपाकघरात यायचं, अशा घरात मी वाढलेली. इथली माणसं थंड आहेत, असं मी आईला फोनवर सांगून टाकलं होतं.

मग डिसेंबरातल्या एका मंगळवारी टपालपेटीत एक कार्ड सापडलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी लिहिलं होतं: या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता चहाला याल का? बारा दिवसांनंतरचा चहा! मला ते तेव्हा फार परकं वाटलं. त्या रविवारी मी तीनला गेले आणि उठले तेव्हा सात वाजून गेले होते. मधल्या चार तासांत आजींनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. ते बारा दिवस त्यांनी त्या दुपारभोवती कुंपण घातलं होतं, दुसरं काहीही तिच्यात शिरू नये म्हणून.

तुम्ही नुकतेच आला असाल आणि संध्याकाळी खोलीत एकटे बसून कुणीतरी सहज डोकावेल याची वाट बघत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. इथे सहज कुणी डोकावत नाही. पण इथली माणसं ज्या निवांत, आपुलकीच्या उबेला ‘गेम्यूटलिशकाइट’ म्हणतात, तिच्या आत जायला वाट आहे, आणि ती अवघड नाही.

पहिली पायरी: शब्द तोंडात बसवा

गे-म्यूट-लिश-काइट. जोर ‘म्यूट’वर. त्यातला स्वर मराठीत नाही. जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठांचा चंबू ‘ऊ’सारखा करायचा. ‘लिश’मधला शेवटचा उच्चारही आपला ‘श’ नव्हे. ‘ई’ म्हणता म्हणता आवाज बंद करून नुसती हवा सोडली की तो येतो. आठवडाभर आरशासमोर म्हणा, जमतो.

हे लांबलचक नाम रोजच्या बोलण्यात त्या मानानं कमी येतं. कानावर सारखं पडतं ते ‘गेम्यूटलिश’ हे विशेषण. खोली गेम्यूटलिश असते, संध्याकाळ असते, खिडकीजवळची कोपऱ्यातली बैठक असते. ‘माख्स दीअ गेम्यूटलिश’ असं यजमान म्हणाले, तर ‘ऐसपैस बस, आपलंच घर समज’ असं ते सांगत असतात. बाहेर बोचरा वारा आणि पाऊस असेल तर ती हवा ‘उनगेम्यूटलिश’.

शब्दाच्या पोटात ‘गेम्यूट’ आहे, म्हणजे भावना जिथे राहतात ते अंतःकरण. त्याच्याही आत ‘मूट’ आहे. त्याचा आजचा अर्थ धैर्य, पण जुन्या जर्मन भाषेत तो मन आणि मनाची अवस्था असा होता. आपले आपुलकी, ऊब आणि निवांतपणा हे तिन्ही शब्द एकत्र कालवले तर जवळपास पोचतो. मला स्वतःला एकच चित्र पुरतं: कोजागिरीची रात्र, गच्चीवर दूध आटतंय, सतरंजीवर सगळे रेलून बसलेत, कुणी अर्धवट गाणं म्हणतंय, कुणालाच घरी जायची घाई नाही, आणि कालच राहायला आलेल्या शेजाऱ्याच्या हातातही न विचारता पेला आला आहे. फरक एवढाच, की जर्मन माणसं ती गच्ची तीन आठवडे आधी ठरवतात.

ही ऊब चार भिंतींच्या आत इतकी का जपली जाते, याला इतिहासही आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर जर्मन भाषक राज्यांमध्ये जुन्या राजवटी पुन्हा घट्ट बसल्या. १८१९ च्या कार्ल्सबाडच्या फर्मानांनी वृत्तपत्रांवर आणि विद्यापीठांवर पहारा बसवला. चौकात मोकळं बोलता येईना, तेव्हा मध्यमवर्ग दिवाणखान्यात वळला. घरचं संगीत, गोल टेबल, कॉफी, विश्वासातली चार माणसं. १८४८ च्या उठावांपर्यंतच्या या काळाला बीडरमायर म्हणतात. दाराआडची माणसं आपली, हा भाव त्या काळात खोल रुजला. आजही दाराच्या आत घेणं ही इथे मोठी गोष्ट आहे. ज्याला घेतलं, त्याला मनापासून घेतलेलं असतं.

दुसरी पायरी: ‘कधीतरी भेटू’ला तारीख द्या

नवख्या मराठी माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कार्यालयातला सहकारी म्हणतो, ‘एकदा कॉफी प्यायला भेटायला हवं.’ आपण म्हणतो, ‘हो, नक्की,’ आणि विषय संपतो. आपल्याकडे ते वाक्य निरोपाचं असतं. इथे तो बहुतेक वेळा खरोखरचा प्रस्ताव असतो आणि समोरचा तुमच्या तारखेची वाट बघत राहतो. तेव्हा लगेच फोन काढा आणि दोन पर्याय द्या: ‘येत्या नाही, पुढच्या शनिवारी चार वाजता? की त्याच्या नंतरच्या रविवारी?’ याला ‘टेरमिन’ म्हणतात. हाच शब्द डॉक्टरकडच्या आणि सरकारी कचेरीतल्या वेळेलाही वापरतात, म्हणून मैत्रीत ऐकला की सुरुवातीला रुक्ष वाटतो. तसा तो नाही. वहीत तुमचं नाव लिहिलं म्हणजे त्या माणसानं तेवढ्या वेळेसाठी बाकीच्या सगळ्यांना नाही म्हटलेलं असतं.

म्हणूनच आदल्या रात्री ‘उद्या जमत नाही गं’ असा निरोप पाठवू नका. ताप आला असेल तर गोष्ट वेगळी. इथे तेवढ्यानं नातं खरोखर दुखावतं.

पहिल्या भेटीसाठी रविवारची दुपार उत्तम. रविवारी दुकानं बंद असतात. १९१९ च्या वायमार संविधानातलं १३९ वं कलम आजच्या मूलभूत कायद्यातही, म्हणजे जर्मनीच्या सध्याच्या संविधानातही, कायम ठेवलं आहे आणि त्यात रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण आहे. सुरुवातीला दूध संपलं की याचा राग येतो. पण सगळं गाव एकाच वेळी थांबतं, म्हणूनच तीन-चारच्या सुमाराला घराघरांत कॉफी आणि केक मांडला जातो. त्या टेबलाशी बोलावणं आलं की समजा, पहिलं दार उघडलं.

तिसरी पायरी: उंबरठा ओलांडताना

वेळ पाळा. घरगुती बोलावण्याला पाचेक मिनिटं उशीर चालतो, लवकर मात्र अजिबात जाऊ नका. यजमान शेवटची आवराआवर करत असतात. लवकर पोचलात तर गल्लीत एक चक्कर मारा.

हातात काहीतरी असू द्या. फुलं असतील तर वरचा कागद काढून द्यायची पद्धत आहे. लाल गुलाब प्रेमासाठी आणि पांढऱ्या लिली अंत्यविधीसाठी, ते टाळा. आपल्याकडची गोष्ट नेली तर फार आवडीनं खातात. माझ्या बेसनाच्या लाडवांनी जितकी माणसं जोडली तितकी माझ्या जर्मन भाषेनं जोडली नाहीत. दाराशी बूट काढायचे का ते विचारा. बऱ्याच घरांत पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता ठेवलेल्या असतात, आणि त्या पायात घातल्या की निम्मा परकेपणा तिथेच गळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे आग्रह नसतो. आजींनी मला केक पुढे केला तेव्हा मी रीतीप्रमाणे ‘नको, नको’ म्हटलं, आणि बशी शांतपणे मागे गेली. मला वाईट वाटलं. त्यांना मात्र वाटलं की माझ्या शब्दाचा आपण मान राखला. हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, आवडेल’ म्हणा. त्याच न्यायानं तुमच्या घरी ‘नाइन, डांके’ म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पानात पुरी वाढू नका. तो खरंच नको म्हणत असतो.

बोलताना मध्ये शांतता पडली तर घाबरून ती भरू नका. पगार, वय, लग्न कधी, मूल का नाही, हे प्रश्न घरीच ठेवून जा. सुट्टीत कुठे गेलात, हे केक कसं करतात, खिडकीतलं रोप कुठलं, इथून सुरुवात करा. खोल बोलणं मागाहून होतं, आणि झालं की पार तळापर्यंत होतं.

चौथी पायरी: चहाचे तीन पेले

आजींकडच्या त्या पहिल्या चहाबद्दल जरा सावकाश सांगते, कारण गेम्यूटलिशकाइट मी तिथे डोळ्यांनी पाहिली.

एम्डेन ज्या भागात आहे त्याला ओस्टफ्रीसलांड म्हणतात. कॉफीच्या देशात हा एक कोपरा चहाचा आहे. चहा मुख्यतः आपल्या आसामचा, भरपूर कडक. टेबलावर लहानशा मेणबत्तीवर किटली गरम राहत होती. शेजारी हिरव्या पाल्याचं गोल कडं होतं, त्यावर चार मेणबत्त्या आणि त्यातल्या तीन पेटलेल्या, कारण तो ख्रिसमसच्या आधीच्या चार अ‍ॅडव्हेंट रविवारांपैकी तिसरा होता. ही मेणबत्त्यांच्या कड्याची प्रथा हाम्बुर्गची. १८३९ मध्ये योहान हिनरिख विखर्न या धर्मोपदेशकानं आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना ख्रिसमस किती दिवसांवर आला हे कळावं म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या.

आजींनी पातळ चिनी मातीच्या पेल्यात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवला. त्याला ‘क्लुन्ट्ये’ म्हणतात. त्यावर गरम चहा ओतला आणि मला बोटानं गप्प बसायची खूण केली. खडा तडकल्याचा बारीक आवाज आला. मग लहानशा वाकड्या चमच्यानं पेल्याच्या कडेनं साय सोडली. ती तळाशी गेली आणि ढग होऊन वर आली. मी सवयीनं ढवळायला चमचा उचलला तर आजींनी माझा हात अलगद धरला. ढवळायचं नाही. पहिल्या घोटाला साय, मग कडू चहा, आणि शेवटी तळचा गोडवा, असं क्रमानं प्यायचं.

पेला रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरतात. तीन पेले हा तिथल्या माणसाचा हक्क मानतात, त्याहून कमी पिणं बरं दिसत नाही. पुरे झालं की चमचा पेल्यात उभा ठेवायचा. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून पाचवा पेलाही प्यायले. त्या पाच पेल्यांत आजींनी मला त्यांच्या नवऱ्याचं जहाजावरचं काम, धाकट्या बहिणीशी धरलेला अबोला, सगळं सांगितलं. मीही माझ्या आजीबद्दल बोलले, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, आणि मध्येच मला रडू आलं. आजींनी काही न बोलता आणखी एक खडा पेल्यात ठेवला.

पाचवी पायरी: घराबाहेरची बाकडी

पुढे नोकरीसाठी मी म्युनिकला आले. दक्षिणेत हीच गोष्ट उघड्यावर, लांबलचक लाकडी बाकड्यांवर मिळते. बियरगार्टन हे नव्या माणसासाठी सोपं ठिकाण आहे, कारण तिथे अनोळखी माणसांसोबत एका टेबलाशी बसणं हाच रिवाज आहे. ‘इस्ट हिअ नोख फ्राय?’ म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ एवढं विचारायचं आणि बसायचं.

बायर्नच्या, म्हणजे बव्हेरियाच्या, जुन्या बियरगार्टनमध्ये आपला डबा नेता येतो, ही मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट. बियर थंड राहावी म्हणून म्युनिकचे बियरवाले तळघरांवर चेस्टनटची झाडं लावत. लोक त्या सावलीत बसून प्यायला लागले, तशी खाणावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२ मध्ये राजा माक्सिमिलियान पहिला यानं तोडगा काढला: बियर विका, पण जेवण विकायचं नाही. मग लोक घरून भाकरतुकडा बांधून आणू लागले. आज तिथे जेवण मिळतं, तरी डबा आणायचा हक्क कायम आहे. फक्त टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे वाढपी येतो, डबा उघडू नका. उघड्या लाकडी टेबलाशी बसा. आम्ही थालीपीठं आणि दाण्याची चटणी नेतो. शेजारचा अनोळखी माणूस वास घेऊन हमखास ‘हे काय?’ विचारतो आणि आपली मुळ्याची चकती किंवा ब्रेत्सेल पुढे करतो. तिथून पुढे काही करावं लागत नाही.

दारू पीत नसाल तर अजिबात संकोच नको. ‘आप्फेलशोर्ले’ म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. तो सगळीकडे मिळतो आणि कुणी कारण विचारत नाही. ‘राडलर’मध्ये मात्र बियर असते. पेला कशाचाही असो, तो भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. पेल्याकडे बघत ‘प्रोस्ट’ म्हणणं फार खटकतं. ऑक्टोबरफेस्टच्या मंडपात वाद्यवृंद थोड्या थोड्या वेळानं ‘आइन प्रोझिट देअ गेम्यूटलिशकाइट’ वाजवतो, तेव्हा सगळा मंडप पेले उंचावतो. तेव्हा उभे राहा आणि सोबत गा.

बिल ज्याचं त्यानं. यात कोरडेपणा शोधू नका. ‘पैशाचा प्रश्न आला की गेम्यूटलिशकाइट संपते’ हे डाविड हान्झेमान या राजकारण्यानं १८४७ मध्ये प्रशियाच्या संयुक्त लांडटागमध्ये, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेत, म्हटलं, आणि त्याची म्हणच झाली. हिशेब वेगळा ठेवला की मनात काही उरत नाही, असं इथे मानतात. ‘मी देतो, मी देतो’ची ओढाताण केलीत तर समोरचा अवघडतो.

सहावी पायरी: एका फेराइनचे सभासद व्हा

माझा हा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे. ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत मंडळ. सात सभासद जमले की नोंदणी करता येते. गावागावांत गाण्याचं, जिम्नॅस्टिक्सचं, बुद्धिबळाचं, स्काट या पत्त्यांच्या खेळाचं, बागकामाचं मंडळ असतं. बागेच्या मंडळात ४०० चौरस मीटरपर्यंतचा तुकडा आणि त्यात २४ चौरस मीटरपर्यंतची झोपडी मिळू शकते, मात्र मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांब असते.

मंडळात जाऊनही बरेच नवखे एकटेच राहतात, कारण सराव संपला की ते बॅग उचलून घरी पळतात. सरावानंतर सगळे जिथे बसतात त्याला ‘तिसरा हाफ’ म्हणतात. दोस्ती तिथेच होते. पहिले दोनतीन महिने भाषा निसटेल, विनोद कळणार नाहीत. तरी बसा. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच खुर्चीवर. इथे माणसं हुशारीपेक्षा येत राहण्यावर विश्वास ठेवतात.

खाणावळीत ‘ष्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल दिसलं तर तिथे आपणहून बसू नका. तो रोजच्या मंडळींचा कट्टा असतो. बोलावलं तर जरूर जा. आणि एखाद्या कट्ट्यावर परक्या लोकांबद्दल वाईट बोलणं सुरू झालं तर शांतपणे उठून या. असेही कट्टे आहेत. तिथल्या उबेत बसायची तुमच्यावर सक्ती नाही.

या काळात कुणीतरी तुम्हाला ‘डू’ म्हणूया का, असं विचारेल. ‘झी’ म्हणजे अहो-जाहो, ‘डू’ म्हणजे अरे-तुरे. मंडळात आणि विद्यार्थ्यांत पहिल्यापासून ‘डू’च असतं, पण शेजारी आणि वडीलधारे यांच्याशी ते मोठ्यांनी सुचवायचं असतं. आजींनी मला ते वसंतात, चौथ्या भेटीत सुचवलं. माझी जीभ मात्र आजीला ‘तू’ म्हणायला तयार होईना. मग आपल्याकडे आईलाही ‘तू’च म्हणतात, हे आठवलं आणि जमलं.

सातवी पायरी: आता तुम्ही बोलवा

मोठ्या शहरांमधली महाराष्ट्र मंडळं जवळ करा. गणपतीत आणि दिवाळीत जीव तिथेच रमतो. पण शेजाऱ्यांचा कायम पाहुणचारच घेत बसून चालत नाही. वर्षाच्या आत एकदा तरी घरी बोलवा.

कोजागिरी त्यासाठी छान. पौर्णिमेच्या जवळचा शनिवार धरा आणि तीन आठवडे आधी कळवा. खायचं काय असेल, कुणाला दाण्यांची किंवा काजू-बदामाची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधीच विचारा. तिखट निम्मं करा. सगळं एकदम टेबलावर मांडा आणि तुम्हीही त्यांच्यासोबत बसा. स्वयंपाकघरात उभं राहून गरम गरम वाढणारी यजमानीण त्यांना अस्वस्थ करते. दिवे मंद ठेवा, मेणबत्त्या लावा. रात्री दहानंतर शांततेचा नियम असतो, म्हणून आवाज होणार असेल तर दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा, आणि चिठ्ठीत शेजाऱ्यांनाही बोलावणं द्या.

पाहुण्यांपैकी कुणी दोन्ही तळहात मांड्यांवर आपटून ‘झो!’ म्हणालं, की निघायची वेळ झाली. पुन्हा बसवू नका. दारापर्यंत जा, खाऊचा डबा द्या.

एम्डेन सोडायच्या आधीच्या ऑक्टोबरात मी आजींना माझ्या त्या एका खोलीत बोलावलं होतं. केशर घातलेलं दूध त्यांनी तीन पेले प्यायलं आणि चमचा पेल्यात ठेवला. ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही. सव्वादहाला त्यांनी मांड्यांवर हात आपटले, कोट चढवला, आणि दारात उभं राहून पिशवीतून छोटी डायरी काढली. पानं उलटत म्हणाल्या, ‘नोव्हेंबरचा दुसरा रविवार, तीन वाजता?’